पाळीव प्राणी, प्लॅस्टिक आणि घरातील मुले

कुत्रा किंवा मांजर पाळणे ही आता केवळ बंगलेवाल्यांची हौस राहिलेली नाही. वाड्यात, चाळीत, फ्लॅटमध्येही प्राणी दिसतात. त्यांच्यामागून घरात कचराही येतो. खाद्याची पाकिटे, प्लॅस्टिकची भांडी, विष्ठा उचलण्याच्या पिशव्या. हा कचरा कमी करता येतो. मात्र तो कुठे कमी करावा आणि कुठे करू नये, हे समजून घेतले पाहिजे.

विष्ठा म्हणजे शेण नव्हे

‘पिशव्या कशाला? मातीत पडली की खतच होते,’ असे म्हणून अनेकजण कुत्र्याची विष्ठा अंगणातच राहू देतात. हा समज चुकीचा आहे. कुत्र्यांच्या, विशेषतः पिल्लांच्या आतड्यात टोक्सोकॅरा नावाचे गोल जंत आढळतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती लगेच बाधत नाहीत. बाधक होण्यास त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पुढे मात्र ती मातीत अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे ती पोटात जातात. त्यातून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही पोचतात. अशा मुलाची त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते.

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाज्मा हा परजीवी पसरू शकतो. तो एक ते पाच दिवसांत बाधक होतो. गरोदरपणी त्याची प्रथमच लागण झाल्यास गर्भाला धोका असतो. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज काढावी आणि ते काम गरोदर स्त्रीने करू नये.

पिशवीशिवाय कसे भागवावे?

विष्ठा जुन्या वर्तमानपत्राने किंवा पत्र्याच्या सुपलीने उचलावी. अंगण असल्यास विहीर, हातपंप आणि भाजीचे वाफे यांपासून दूर खड्डा करावा व दर वेळी वर माती टाकावी. ते खत भाजीला घालू नये. अंगण नसल्यास कुत्र्याची विष्ठा कागद काढून संडासात टाकावी व भरपूर पाणी ओतावे. मांजरासाठी जुन्या घमेल्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा चालतो. ती घाण संडासात न टाकता जाड कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळी द्यावी. नंतर साबणाने हात धुवावेत.

खाणे आणि भांडी

प्लॅस्टिकच्या भांड्याला चरे पडतात आणि त्यात जंतू राहतात. स्टीलची वाटी वर्षानुवर्षे टिकते व स्वच्छ निघते. घरची भाकरी, भात, शिजवलेले मांस थोडे-थोडे देता येते, पण कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. अंथरुणाला जुनी गोधडी किंवा गोणपाट उत्तम.

खाद्याची रिकामी पाकिटे बंबात किंवा चुलीत जाळण्याची सवय सोडावी. त्या धुराने दमेकऱ्याचा त्रास वाढतो आणि घरातील लहान मुलांच्या छातीतही तो विषारी धूर जातो.

गाठ मारलेली पिशवी

उरलेले अन्न पिशवीत बांधून रस्त्यावर टाकणे ही दया नव्हे. गाठ सुटत नाही म्हणून जनावर पिशवीसकट गिळते. गाईच्या पोटात प्लॅस्टिक पचत नाही, त्याचा गोळा होतो. कुत्र्याचे आतडे बंद पडून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. 2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी त्या उकिरड्यावर दिसतातच. अन्न द्यायचे तर पत्रावळीवर किंवा भांड्यात द्यावे.

शेवटी, पैसे वाचवण्यासाठी दोन गोष्टींत काटकसर नको. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राण्याला नियमित जंताचे औषध द्यावे आणि रेबीजची लस वेळेवर टोचावी. बाकी प्लॅस्टिक जितके कमी, तितके बरे.