मोकळ्या माळावरची कोंबडी : अंडी आणि मांसाचा घरगुती धंदा

कोंबडी पाळणे आपल्या घरांना नवे नाही. दारात पाच-सात कोंबड्या, रात्री झाकायला डालगे आणि पाहुणा आला की एक कमी, असे सर्वांनी पाहिले आहे. परंतु तो धंदा नव्हे. धंदा म्हटला की हिशेब आला, वेळेवर लस आली, गिऱ्हाईक आले आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आला. या लेखात आम्ही धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून, मोकळ्या रानात कोंबडी पाळून अंडी व मांस विकण्याचा विचार मांडत आहोत.

सास्तूरच का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर लोहारा भागातील सास्तूरही जमीनदोस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंतींची जुनी घरे माणसांसह खाली बसली. पुढे नव्या जागी गाव वसले. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती, नव्या गावठाणात रस्ते रुंद झाले आणि घराभोवती थोडी मोकळी जागा आली. ही जागा म्हणजे पक्ष्यासाठी भांडवलच आहे.

दुसरे कारण पाण्याचे. या भागाने दुष्काळ वारंवार सोसला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? शंभर कोंबड्यांना दिवसाला साधारण २५ लिटर, कडक उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त पाणी लागते. म्हणजे एरवी दोन घागरींत शंभर पक्ष्यांचा दिवस निघतो. एका म्हशीलाच याच्या दुप्पट-तिप्पट लागते.

तिसरे कारण म्हणजे डोळ्यांसमोरचे उदाहरण. भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने याच दोन जिल्ह्यांत महिलांना एक एकर शेतीचा मार्ग दाखवला. घरच्या जमिनीतील एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात रासायनिक खताविना खाण्याची पिके घ्यायची आणि जोडीला कोंबड्या, शेळ्या, गांडूळखत. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. संस्थेच्या संस्थापक प्रेमा गोपालन २०२२ मध्ये वारल्या. त्यांच्या कामातून घेण्यासारखा धडा हा की कोंबडी एकटी पाळू नये, ती शेताच्या आणि स्वयंपाकघराच्या चक्रात बसवावी.

कोणती जात घ्यावी?

अस्सल गावरान कोंबडी काटक असते, स्वतः अंडी उबवते, पण वर्षाला ५० ते ७० अंडीच देते. दहा पक्ष्यांपर्यंत तीच उत्तम, कारण खरकटे व रानातले किडे यावर तिचे भागते. विक्रीसाठी पाळायची तर सुधारित जाती पाहाव्यात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने दोन जाती दिल्या आहेत. अंडी व मांस दोन्हींसाठी वनराजा आणि मुख्यतः अंड्यांसाठी ग्रामप्रिया. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजाही आपल्याकडे रुळली आहे. ग्रामप्रिया परसात वर्षाला दीडशेहून अधिक अंडी देऊ शकते. मात्र या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली १०-१२ ठेवून २१ दिवसांत पिल्ले काढता येतात, पण त्या पिल्लांत आईबापांचे गुण पूर्ण उतरत नाहीत. म्हणून दर खेपेस पिल्ले खात्रीच्या केंद्रातूनच आणावीत. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात खडकीला व छत्रपती संभाजीनगरला आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केल्यास नोंदणीची माहिती मिळते.

पहिले सहा आठवडे

निम्मे नुकसान येथेच होते. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करावी. पिल्लामागे दोन वॉट हा अंदाज धरावा. शंभर पिल्लांना शंभरचे दोन बल्ब झाले. वीज जाते हे गृहीत धरून कोळशाच्या शेगडीची सोय ठेवावी, पण धूर बाहेर जाईल याची काळजी घ्यावी. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळून चोची उघडी ठेवली तर उकडते आहे. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात.

सहा आठवड्यांनंतर अंगावर पिसे आली की रानात सोडावे. आधी सोडू नये.

रान कसे वापरावे?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे शेतकरी जोएल सॅलेटिन यांनी बिनतळाच्या फिरत्या खुराड्यांची पद्धत लोकप्रिय केली. १९९३ साली त्यांचे यावर पुस्तकही निघाले. १० बाय १२ फुटांच्या खुराड्यात सुमारे ७५ मांसल पक्षी ठेवायचे आणि खुराडे रोज एक जागा पुढे सरकवायचे. पक्ष्यांना ताजे गवत मिळते, जमिनीला खत मिळते आणि कालच्या विष्ठेवर आज चोच मारली जात नाही. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जंत आणि रक्ती हगवण यांचे चक्र तेथेच तुटते.

परंतु नक्कल जशीच्या तशी करू नये. त्यांच्याकडे हिरवे कुरण आहे, आपल्याकडे गवत पावसाळ्याचे चार महिने. म्हणून आम्ही असे सुचवतो. युरोपच्या सेंद्रिय नियमात अंड्यांच्या एका कोंबडीस किमान ४ चौरस मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे शंभर कोंबड्यांना ४ गुंठे. आपल्या कोरड्या मुलखात ८ ते १० गुंठे धरावेत. जाळीने त्याचे चार भाग करावेत. एका भागात पक्षी, तीन भाग विश्रांतीत. विश्रांतीच्या भागात घास किंवा मका टाकावा, कडेला शेवगा लावावा. सुगीनंतर ज्वारी-तुरीची रिकामी राने वापरावीत, पण फवारणी झालेल्या शेतात पक्षी सोडू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे व सायंकाळीच सोडावे, दुपारी सावली आणि मातीच्या भांड्यात गार पाणी असावे.

रात्रीचे खुराडे पक्के हवे. मुंगूस, मांजर, कुत्रे, साप ही रात्रीची संकटे, घार ही दिवसाची. पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट जागा, बसायला आडव्या काठ्या, पाच कोंबड्यांमागे अंड्यांचे एक खोके आणि खाली भुसा.

येथे आपल्या कारागीर बांधवांना एक सुचवावेसे वाटते. १० बाय ६ फुटांचे, दोन माणसांना सरकवता येईल असे हलके खुराडे बाजारात सहज मिळत नाही. वेल्डर, सुतार, पत्र्याचे काम करणारे यांनी एक नमुना करून आठवडी बाजारात मांडून पाहावा. पातळ लोखंडी पाइप, जाळी, अर्ध्या भागावर पत्रा आणि मागे दोन चाके, एवढेच काम आहे. कोंबडी न पाळताही या धंद्यात रोजी आहे.

खाद्य : दोन इशारे

रानातून पक्ष्याची निम्मी-अर्धी गरज भागते, बाकी दाणा द्यावाच लागतो. ज्वारी-मक्याची भरड, पेंड, कोंडा, आणि अंड्यावरच्या कोंबडीस शिंपल्यांचा चुरा. चुना कमी पडला की कवच पातळ होते.

पहिला इशारा : आपल्या भागात सोयाबीन भरपूर, म्हणून कच्चा दाणा घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो. तो भाजूनच द्यावा किंवा पेंड वापरावी. दुसरा इशारा : बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. त्या बुरशीचे विष पक्ष्याचे यकृत खाते.

रोग

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः चाळीस पक्षी वाढवले होते. हौसेने आठवडी बाजारातून चार देखण्या तलंगा आणल्या आणि त्याच रात्री कळपात सोडल्या. आठव्या दिवशी पक्षी माना मुरगाळू लागले, हिरवी हगवण सुरू झाली आणि पंधरवड्यात सहा पक्षी उरले. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत होती. चूक आमचीच. वयाच्या आठव्या आठवड्याची लस आज-उद्या करत राहून गेली होती. नवा पक्षी आणला की तीन आठवडे वेगळा ठेवावा, हे आम्ही चौतीस पक्षी गमावून शिकलो.

लसींचा ढोबळ क्रम असा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी. पशुवैद्यांना विचारून तो पक्का करावा. लस बर्फातच आणावी. लस दिल्याने माल सेंद्रिय राहत नाही हा गैरसमज आहे. आक्षेप आहे तो वाढीसाठी रोज प्रतिजैविके चारण्यास. माणसाच्या शेवटच्या उपायाचे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यास केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

बर्ड फ्लूही लक्षात ठेवावा. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पक्षी नष्ट करावे लागले. एकदम मरतूक झाली तर पक्षी लपवून विकू नयेत, खात्याला कळवावे. पक्षी विकून चार पैसे वाचतील, पण गाव संकटात येईल.

हिशेब

५० ग्रामप्रिया कोंबड्या धरू. रान सोडून रोज प्रत्येकी ६५ ग्रॅम दाणा, म्हणजे वर्षाला सुमारे ११८६ किलो. प्रत्येकी १५० अंडी धरली तर ७५०० अंडी. एका अंड्यामागे १५८ ग्रॅम दाणा झाला. दाणा किलोला ३० रुपये धरला, तर अंड्यामागे नुसत्या दाण्याचे पावणेपाच रुपये. यात पिल्लांची किंमत, पहिल्या साडेपाच-सहा महिन्यांचे बिनअंड्याचे खाणे, मरतूक आणि घरच्यांची मेहनत धरलेली नाही. भाव ज्याने-त्याने आपल्या बाजाराचा घालून पाहावा.

आता पिंजऱ्यातली कोंबडी पाहा. ती दिवसाला ११० ग्रॅम खाते, पण वर्षाला ३०० अंडी देते, म्हणजे अंड्यामागे १३४ ग्रॅम. मांसाचेही तेच. ब्रॉयलर ४० दिवसांत दोन किलो होतो, आपला पक्षी दीड किलोला बारा आठवडे घेतो आणि किलोमागे जवळपास दुप्पट दाणा खातो. तात्पर्य, स्वस्तात आपण जिंकू शकत नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अंड्यांचे दर जाहीर करते, त्या दराने मोकळ्यावरचे अंडे विकणारा बुडालाच.

मग गिऱ्हाईक जास्त पैसे कशाचे देते? खात्रीचे. तेथेच या धंद्याचा जीव आहे. पिंजऱ्यातले तपकिरी अंडे गावरान म्हणून खपवणारे, पांढरे अंडे चहाच्या पाण्यात रंगवणारे बाजारात आहेत. त्यांचे एक अंडे उघडकीस आले की आपली शंभर पडून राहतात. म्हणून जे आहे तेच सांगावे. सुधारित जात असेल तर गावरान म्हणू नये. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस गटाचे प्रमाणपत्र नसेल तर वेष्टनावर सेंद्रिय लिहू नये. मोकळ्या रानात वाढवलेली, एवढे खरे वाक्य पुरे आहे. गिऱ्हाइकाला रान दाखवावे, त्याहून मोठी जाहिरात नाही.

मांस विकताना आपल्या घरांतली एक जुनी रीत विसरू नये. उकिरड्यावर फिरलेली कोंबडी तीन दिवस कोंडून, स्वच्छ दाणा-पाणी देऊन मगच जबह करतात. मोकळ्या पक्ष्याच्या धंद्यात ही रीत नियम म्हणून पाळावी आणि गिऱ्हाइकाला सांगावी. धर्म कोणताही असो, स्वच्छता सर्वांनाच पटते. दुकान काढायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करावी.

शेवटी एवढेच. सुरुवात पंचवीस पक्ष्यांनी करावी. अनुदान मिळते म्हणून पाचशेचे शेड बांधू नये. एक वही ठेवावी, तीत रोजचा दाणा, रोजची अंडी, मेलेले पक्षी आणि उधारी लिहावी. वर्षाअखेर वही सांगेल ते ऐकावे. वही तोटा सांगत असेल तर पक्षी वाढवून तो भरून निघणार नाही. नफा सांगत असेल तर दुसऱ्या वर्षी पन्नास करावेत. सावकाश वाढलेल्या धंद्यातच बरकत असते.