आईला रागावण्याआधी

अगं बाय, परवा तू फोनवर आईला केवढी बोललीस! एलडीएल कोलेस्ट्रॉल वाढलंय, मग भजी कशाला खाल्लीस, बोंबील कशाला तळलेस. ती गप्प बसली म्हणून तुला वाटलं असेल, पटलं तिला. कसलं पटतंय.

उमेळ्याच्या त्या घरात आता ती एकटी आहे. एकट्या माणसासाठी रोज कालवण रांधावंसं वाटत नाही गं. एकदा केलं की दोन दिवस तेच गरम करते, नाहीतर चहात खारी बुडवून जेवण उरकते. वनस्पती तुपातली ती खारी तिला बोंबलापेक्षा जास्त बाधते, पण खारीवरून तिला कुणी रागावत नाही. कालवणातला मासा खुशाल खाऊ दे. तळणीचं उरलेलं तेल मात्र ती पुन्हा पुन्हा तापवते, कारण तेलाचा भाव तिला तोंडपाठ आहे.

गेल्या खेपेला तिच्या गोळ्या पाहिल्या. महिन्याच्या गोळ्या ती एक दिवसाआड घेऊन दोन महिने पुरवते. विचारलं तर म्हणे, "मला काय होतंय?" खरंच काही होत नाही! गुडघा ठणकतो म्हणून त्याचं मलम कधी संपत नाही. कोलेस्ट्रॉल दुखत नाही. पण गोळी सुटली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा चढतं.

दादा पैसे देतो, नाही कोण म्हणतंय? पण मागावे लागतात. जिने जन्मभर वाडीतली भाजी पाटीत घालून विकली आणि घर चालवलं, तिला मुलापुढे हात पसरणं जड जातं. म्हणून गोळ्यांचे पैसे तिने मागण्याआधीच पोचले पाहिजेत. डॉक्टरांना विचारून तीच गोळी जनऔषधी केंद्रातून घे, बरीच स्वस्त पडते. शेजारच्या काकूंना तर श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपयेच मिळतात. त्यात गॅस, वीज आणि वर औषध कसं बसवायचं?

आयुष्मानचं कार्डही काढून ठेव. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात. मात्र रुग्णालयात दाखल झाल्यावर. म्हणजे झटका आला तर खर्च सरकारचा आणि तो टाळणारी रोजची गोळी आईच्या बटव्यातून! मला हे उफराटंच वाटतं. गावोगावच्या सरकारी तपासणीतही रक्तदाब, साखर आणि कर्करोग बघतात. कोलेस्ट्रॉल त्यात धरलेलं नाही. ते कुणीतरी आठवणीने करून घ्यावं लागतं.

आणि करून घेणार कोण? उपाशीपोटी रिक्षा शोधत वसई स्टेशनला जायचं, वर पावसाळा. 2018 च्या जुलैत पाणी भरलं तेव्हा काही दिवस वसईकरांना घराबाहेर पडता येईना, आठवतं ना? रक्त घरी येऊन नेणारी लॅब शोध. उपाशी राहणं गरजेचंच आहे का, तेही डॉक्टरांना विचार. नेहमीच लागत नाही.

डॉक्टर म्हणतात रोज अर्धा तास चाला. पूर्वी बावखलाचं, म्हणजे तळ्याचं, पाणी वाडीला घालता घालता तिचं चालणं आपोआप व्हायचं. आता गल्लीतून बाहेर पडलं की दुचाकी अंगावर येते आणि सोबतीला कुणी नाही. काकूंना गाठ. दोघी मिळून निघतील. एकटी आई जायची नाही, मी लिहून देते.

आणखी एक. गोळीने पाय दुखतात असं ती मला हळूच म्हणाली. डॉक्टरांना सांगितलंय का, तर नाही. "ते घाईत असतात." म्हणून या वेळी तू तिच्याबरोबर आत जा. पायदुखीचं आधी सांग, डोस बदलतात किंवा दुसरी गोळी देतात. एक दिवसाआडचंही सांग, पण तिच्यादेखत चहाडी केल्यासारखं नको. नाहीतर डॉक्टर डोस वाढवायचे आणि ती तोही अर्धाच घ्यायची.

रविवारी जातेस ना? जेवायलाच थांब. ताज्या बोंबलाचं कालवण करायला सांग, तुझ्यासाठी म्हणून. तू असलीस की ती करते.