कर्नलसाठी पॅच ईमेलने कसा पाठवावा?

प्रश्न (एक वाचक, नळदुर्ग) : लिनक्स कर्नलमध्ये छोटी दुरुस्ती सुचवायची आहे. ती ईमेलने कशी पाठवतात?

उत्तर : पॅच म्हणजे काढलेल्या आणि घातलेल्या ओळींची साधी मजकूर-फाइल. ती बहुधा काही केबींचीच असते, त्यामुळे मोबाइलच्या इंटरनेटवरूनही सहज जाते. जड असतो तो मूळ कोड. तो गिटने उतरवताना ‘डेप्थ’ पर्यायाने जुना इतिहास वगळता येतो.

कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीत, स्वतःच्या नावाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ हवीच. ‘गिट फॉर्मॅट-पॅच’ फाइल बनवते, ‘गेट-मेंटेनर’ स्क्रिप्ट ती कोणाला पाठवायची ते सांगते आणि ‘गिट सेंड-ईमेल’ ती रवाना करते. जीमेलच्या वेबपानावर पॅच चिकटवण्याचा मोह टाळावा. तिथे टॅबच्या जागी स्पेस येतात आणि पॅच लागतच नाही. नवख्यांचे पहिले पॅच अनेकदा इथेच अडकतात. जोडपत्रही नको, कारण तपासणारे कोडच्या त्या-त्या ओळीखालीच शेरा लिहितात.

शेऱ्यांना त्याच पत्रमालिकेत उत्तर द्यावे. सुधारित पॅचच्या विषयात ‘व्ही2’ लिहून काय बदलले ते तीन आडव्या रेघांखाली नोंदवावे. तो मजकूर कमिटमध्ये जात नाही. उत्तर आले नाही, तर निदान आठवडाभर थांबूनच आठवण करावी.