उचलणारा हात, उठवणारा हात



पक्षाघात झालेल्या आप्ताला भेटावयास आपण रुग्णालयात जातो, तेव्हा प्रेमापोटी आपला हात चटकन पुढे होतो. आपण त्याची कूस बदलून देतो, घास भरवतो, काखेत हात घालून त्याला उठवून बसवतो. शेजारी फिजिओथेरपिस्ट मात्र हात राखून म्हणतो, "काका, तुम्ही वळा. मी जवळच आहे." आपण दयाळू आणि तो कठोर, असे वाटणे साहजिक आहे. ते खरे आहे काय, हे पाहू या.

१. इजा मेंदूची आहे. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला किंवा आत रक्तस्राव झाला, की तेथील पेशी मरतात. डाव्या मेंदूला इजा झाल्यास बहुधा उजवे अंग लुळे पडते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु उरलेला मेंदू नवे मार्ग शिकू शकतो, आणि तो शिकतो रुग्णाने स्वतः पुनःपुन्हा केलेल्या प्रयत्नांतून. कुशीवर वळणे, पलंगाच्या काठावर तोल सावरणे, उभे राहणे, हे त्याचे धडे होत. त्याचा धडा आपण गिरवला, तर तो शिकणार कसा?

२. ओढणे घातक आहे. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंच्या आधाराने जागेवर राहतो. ते शिथिल झाले, की हाताच्या भारानेही सांधा खाली सरकू शकतो. अशा वेळी लुळा हात किंवा काख धरून ओढल्यास दीर्घकाळ छळणारी वेदना जडू शकते. म्हणून बसल्यावर त्या हाताखाली उशी द्यावी.

३. घाईही घातक आहे. ५ देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झालेल्या 'अ‍ॅव्हर्ट' या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या २४ तासांतच वारंवार व अधिक वेळ उठवलेल्या रुग्णांपैकी तीन महिन्यांनी चांगले सावरलेले रुग्ण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी आढळले. म्हणून केव्हा व किती उठवावे, हे डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांनीच ठरवावे.

४. माया पुरेशी नाही. आपल्या देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' या अभ्यासात कुटुंबीयांना शिकवून त्यांच्याकडून घरी व्यायाम करवून घेतले गेले. २०१७ साली निष्कर्ष आला, की नेहमीच्या उपचारांना ही जोड दिल्याने सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण घटले नाही. घरच्यांची साथ हवीच. परंतु ती जाणकार उपचाराची जागा घेऊ शकत नाही. खर्चाच्या वा अंतराच्या धास्तीने उपचार मध्येच सोडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

तर मग आपण काय करावे? गिळण्याची तपासणी झाल्यावाचून पाणीही पाजू नये. शिकवलेल्या रीतीनेच आधार द्यावा. रुग्णाला एक गुंडी लावण्यास दहा मिनिटे लागली, तरी ती त्यालाच लावू द्यावी. तो खचला, अबोल झाला, तर डॉक्टरांना सांगावे; तेही आजाराचेच अंग असू शकते.

मननासाठी : माझ्या घरी कोणी असा रुग्ण आहे काय? त्याला स्वतः करता येण्याजोगे कोणते काम मी आज प्रेमाने त्याच्या हातून काढून घेतले?