औषध खाणारे जिवाणू

द्राक्षाचा हंगाम आला की आपण बाजारातून घड आणतो. पाण्यात बुचकळून काढतो आणि पोरांच्या हातावर ठेवतो. "धुतले की झाले," असे आपण म्हणतो. पण तेवढ्याने फवारलेले औषध सगळे जाते काय? नाही. धूळ जाते. थोडे औषधही जाते. काही औषधे मात्र सालीत आणि गरात मुरतात. ती धुऊन निघत नाहीत. अशा मागे उरलेल्या औषधाला अंश म्हणतात.

अंश डोळ्यांना दिसत नाही. जिभेला कळत नाही. पण तपासणीत तो सापडतो. २०१० साली महाराष्ट्रातली द्राक्षे युरोपात गेली होती. वेलीची वाढ रोखणाऱ्या एका औषधाचा अंश त्यांत जास्त निघाला. माल तिकडेच अडकला. वर्षभर राबलेल्या बागायतदारांचे मोठे नुकसान झाले.

मग औषध मारायचेच नाही काय? तसे म्हणून भागत नाही. भुरी पडली की हातची बाग जाते. तेव्हा उरलेला अंश लवकर कसा कमी होईल, ते पाहिले पाहिजे. या कामी आपल्याला एक मदतनीस आहे.

दुधाला विरजण लावले की सकाळी दही होते. ते कोण करते? डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. असे नाना प्रकारचे जिवाणू झाडाच्या पानांवर, सालीवर आणि मुळांशी राहतात. काही रोग आणतात, तर काही उपयोगी पडतात.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षवेलीवरचेच जिवाणू वेगळे काढले. त्यांचे नाव बॅसिलस सबटिलिस. औषध मारलेल्या मण्यांवर ते सोडून पाहिले. तेव्हा प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचा अंश नेहमीपेक्षा लवकर घटला. ही माहिती २०१३ साली प्रसिद्ध झाली.

हे होते कसे? आपण भाकरी खातो, ती पोटातल्या रसाने पचते. जिवाणूंजवळही असे पाचक रस असतात. त्या रसांनी औषधाचे तुकडे होतात. याच जातीचे काही जिवाणू भुरीलाही आवर घालतात. मग औषधाची एखादी फवारणीच वाचते.

पण गड्यांनो, जिवाणू म्हणजे जादू नव्हे. एक जिवाणू सगळीच औषधे खात नाही. काही औषधे तर जिवाणूंनाच मारतात. म्हणून कशाबरोबर काय चालते, ते कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्यावे. आणि खाल्लेले पचायला जसा वेळ लागतो, तसा जिवाणूंनाही लागतो. आज फवारणी आणि उद्या काढणी केली, तर ते बिचारे काय करणार?

म्हणून आम्ही एवढेच सांगतो. फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी, ते औषधाच्या डब्यावर छापलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. तो आकडा स्वतः वाचा आणि तेवढे दिवस थांबा. आपण पिकवलेला घड कुणाच्या तरी लेकराच्या तोंडी जाणार आहे.

सांगा पाहू :
१. अंश म्हणजे काय?
२. फळ धुतले तरी सगळे औषध का जात नाही?
३. तुमच्या घरच्या औषधाच्या डब्यावर किती दिवस लिहिले आहेत?