एकाच कुळातली फुले, आता वेगळ्या घरी

प्रश्न : जुन्या पुस्तकात डॉग फ्लॉवर, ब्राह्मी आणि ज्वारीतला टारफुला एकाच स्क्रोफ्युलेरिएसी कुळात आहेत, नव्या पुस्तकात नाहीत. खरे काय मानायचे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नवे. जुनी विभागणी फुलाच्या ठेवणीवरून होती : जुळलेल्या पाकळ्या, बहुधा दोन ओठ, सहसा चार पुंकेसर, त्यांत दोन लांब, दोन आखूड. डॉग फ्लॉवरच्या फुलाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबा. तोंड उघडेल आणि आतले पुंकेसर दिसतील. एरवी ते दार वजनदार भुंगाच उघडतो.

पण डीएनएच्या अभ्यासाने, विशेषतः 2001 मधील संशोधनाने, या ठेवणीमागे एकच वंश नसल्याचे दाखवले. डॉग फ्लॉवर आणि ब्राह्मी आता इसबगोलाच्या कुळात आहेत. टारफुला तंबाखूवरच्या बंबाखूसोबत ओरोबँकेसीत गेला. त्याची पाने हिरवी असली तरी मुळे ज्वारीच्या मुळांत घुसून पाणी आणि अन्न शोषतात. मूळ कुळात व्हर्बास्कम, बडलिया वगैरे उरले.

शेतात टारफुला दिसला, तर बी धरण्याआधीच उपटा. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते.