संगणकाची गती आणि विजेचा हिशेब

सुरतजवळील सचिन येथील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर काम करणाऱ्यांत खानदेशातून गेलेले मराठी भाषिकही आहेत. धागा तुटून माग थांबला आणि मोटार मात्र फिरत राहिली, तर कापड न निघताही विजेचे मीटर पुढे सरकते, हे त्यांना निराळे सांगावयास नको. संगणकातील प्रोसेसरची, म्हणजे गणन करणाऱ्या मुख्य भागाची, स्थिती याहून फारशी भिन्न नाही.

प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर स्पंदनांच्या तालावर उघडझाप करतात. १९७८ सालच्या इंटेल ८०८६ या प्रोसेसरची स्पंदने सेकंदास ५० लाख होती. २००४ मध्ये पेन्टियम ४ ने ३८० कोटींची मजल गाठली. परंतु तो सुमारे ११५ वॅट उष्णता बाहेर टाकू लागला. त्याचा नियोजित वारस कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. त्याचे सांकेतिक नाव, योगायोगाने, 'तेजस' असे होते.

याचे कारण साध्या गणितात आहे. उघडझापीस लागणारी शक्ती स्पंदनसंख्येच्या प्रमाणात, तर वीजदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि गती वाढवावयाची तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य सोडवून दाखवावे. गती व दाब दोन्ही २० टक्क्यांनी उतरविले, तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.५१२, जवळजवळ निम्मी होते. अशी दोन गणनकेंद्रे जोडल्यास तेवढ्याच विजेत १.६ पट काम निघते. अर्थात काम वाटून देता आले पाहिजे. ताणा भरल्याखेरीज दहा माग असूनही विणकाम सुरू होत नाही.

तथापि मंद चालविणे म्हणजे नेहमीच बचत, असे समजू नये. ट्रान्झिस्टर स्तब्ध असतानाही थोडी वीज झिरपत असते. म्हणून काही कामे झपाट्याने उरकून प्रोसेसरचे रिकामे भाग बंद करणेच किफायतशीर ठरते. इंटेलच्या २०२१ मधील बाराव्या पिढीत वेगवान व काटकसरी अशी दोन प्रकारची गणनकेंद्रे एकत्र बसविण्यात आली, ती याच विचाराने.

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राची, अर्थात सी-डॅकची, स्थापना १९८८ मध्ये झाली. अनेक प्रोसेसर एकत्र राबविणारा 'परम ८०००' तेथेच १९९१ मध्ये सिद्ध झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'परम युवा-२' ची कमाल क्षमता ५२४ टेराफ्लॉप्स, म्हणजे आधीच्या 'परम युवा'च्या जवळजवळ दहापट होती. तरी वीज मात्र सुमारे ३५ टक्के कमी लागे. आमच्या मते या दोन आकड्यांत दुसरा अधिक मोलाचा आहे, कारण महासंगणकास पुरविलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती हटविण्यासाठी पुन्हा वीज खर्चावी लागते.

शाळेतील संगणक कक्षातही हा हिशेब लागू पडतो. पडद्यावर हलती चित्रे फिरू लागली म्हणजे संगणक निद्रिस्त झाला, असे अनेक ठिकाणी मानले जाते. वस्तुतः प्रोसेसर त्या वेळी चित्रेच काढीत असतो. मधल्या सुट्टीत संगणक आपोआप निद्रावस्थेत जाईल अशी योजना त्याच्या वीजविषयक मांडणीत करून ठेवता येते.